गढीपुढचं वळण

नांदुऱ्याच्या स्टेशनापासून मोताळ्याकडे जाणारा आमचा रस्ता आता राज्य महामार्ग झाला आहे. कडेला पाटी आहे, पाटीवर नंबर आहे. महामार्ग म्हणायला तो तसा लहानच. एस.टी.त बसून फुटाण्यांची पुडी संपते न संपते तोच मोताळा येतो. आधी स्टेशन, मग बाजार, जिनिंगची जुनी चिमणी, मग काळी सपाट जमीन, कपाशीची पऱ्हाटी, तूर, ज्वारी, मध्ये एक नदी, जी उन्हाळ्यात नदी आहे हे सांगावं लागतं, आणि समोर डोंगराची निळी रेघ. दोरी धरून आखल्यासारखा रस्ता सरळ जातो. फक्त आमच्या गावाजवळ तो एकाएकी डावीकडे वळतो, गावाला खेटतो आणि पुन्हा उजवीकडे येऊन आपल्या जागी लागतो. तिथे टेकडी नाही, नाला नाही, चुकवावं असं काहीच नाही. नवा ड्रायव्हर असला की चडफडतो.

मागे एका कंडक्टरने मला विचारलं, "आजी, सपाट रानात हे वळण कायले काढलं असन?" मी म्हटलं, एका माणसाला वाटलं, लोकांनी आपल्यासमोरून पायी चालत जावं, म्हणून. तो हसला. मी हसले नाही. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही, आणि शांत व्हायची माझी इच्छाही नाही.

मी लहान होते तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. जमीन म्हणे निजामाची, कारभार इंग्रजाचा आणि हुकूम नागपूरचा. आमच्या गावापुरतं विचाराल तर मान गढीचा. गढी म्हणजे गावाच्या डोक्यावरची पांढऱ्या मातीची उंच तटबंदी, तिला एक मोठा दरवाजा, दरवाज्याला लागून बुरूज आणि बुरुजापुढे ओटा. ओट्यावर गढीचा मालक बसायचा. सगळं गाव त्याला मालक म्हणायचं, तोंडावरही आणि पाठीमागेही. मी त्याला 'तो' म्हणते.

गढीची एक रीत होती. ओट्यापुढून गाडीत बसून कोणी जायचं नाही. ओट्याअलीकडच्या निंबाशी गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरायचं, पुरुषांनी जोडे हातात घ्यायचे, बायकांनी पदर पुढे ओढायचा आणि पलीकडच्या मारुतीच्या पारापर्यंत पायी जायचं. रिकामी गाडी मागून यायची. कोणी मारून मुटकून करून घेत नव्हतं. लोक आपोआप उतरायचे. बैलसुद्धा निंबाशी येऊन आपोआप थांबायचे.

पण तेव्हा नांदुऱ्याला जायची वाट गढीपुढून नव्हती. ती पांदण होती, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींचं कुंपण असलेली गाडवाट, आणि ती सरळ आमच्या मळ्याला लागून जायची. आम्ही माळी. वांगी, मिरची, कांदे, थोडी मेथी. बाजाराच्या दिवशी पहाटे बा गाडी जुंपायचा आणि टोपल्यांवर मला बसवायचा. गढी पार तिकडे उजवीकडे राहायची. त्यामुळे गाडीत बसून बाजाराला जाण्याचं सुख आम्हाला होतं. त्याला ते खुपत होतं. सगळ्या शिवारातल्या गाड्या त्याच्याकडे पाठ करून जातात म्हणजे काय?

मग सरकारने पक्का रस्ता करायचं ठरवलं. खडी, मुरूम, वरून दगडी रूळ. मोजणीची माणसं आली, पांदणीवरून साखळी टाकत गेली, खुंट्या ठोकल्या. सरळ खुंट्या. मी त्या एकेक हात लावून पाहिल्या होत्या. त्या माणसांचा मुक्काम गढीवर पडला. तिथे त्यांना गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण झालं. रोडगे म्हटलं की वांग्याची भाजी आलीच, आणि वांगी आमच्या मळ्यातून गेली. बाने स्वतः टोपली डोक्यावर घेऊन पोचवली, निवडून निवडून कोवळी घातली. दोन दिवसांनी खुंट्या उपटून गढीकडे नेल्या. कारण सांगितलं की पांदणीत पावसाळ्यात गाळ होतो. गढीकडेही तीच काळी माती होती, तसाच गाळ होत होता. आमच्याच वांग्यांवर ताव मारून आमचाच रस्ता वाकवला, हे बाला कळलं तेव्हा तो नुसता हसला. म्हणाला, "मोठ्याचं मन ठेवा लागते बाई."

पांदण बंद पडली. बोरी माजल्या. आता नांदुऱ्याला जायचं तर गढीपुढूनच, आणि गढीपुढून जायचं तर उतरूनच. त्याच्या ओट्यावर गर्दी जमायला लागली. बाजाराच्या दिवशी तो न चुकता बसायचा. जाणारा-येणारा हात जोडायचा आणि तो फक्त उजवा हात जरासा वर करायचा. तो हात मला अजून दिसतो.

त्या साली मायच्या पायाला नारू झाला. आता हा रोग उरला नाही, म्हणून सांगते. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की वर्षाने पायातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर यायचा. तो ओढून काढायचा नसतो. पऱ्हाटीच्या काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. पाय हलवायचा नाही, जोर द्यायचा नाही. आत तुटला तर पाय सडतो, हे आमच्या गावात लेकरालाही माहीत होतं. मायचा नारू पोटरीतून अर्धा बाहेर आला आणि अडला. पाय टणक झाला, ताप चढला. बाने गाडीत कडबा घातला, वर गोधडी घातली आणि तिला झोपवलं. नांदुऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी तिच्या पायाशी बसले होते, ती काडी हलू नये म्हणून हाताने धरून.

निंबाशी बैल थांबले. बा उतरला, जोडे काढले, मला उतरवलं. मायला तशीच ठेवून तो बैलांच्या पुढे चालायला लागला. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"गाडीत कोन आहे बे?"

"घरची हाय मालक," बा म्हणाला. "पायाले नारू झाला तिच्या. दवाखान्यात घेऊन जाऊन राह्यलो."

"कोन्या पायाले?"

"उजव्या, मालक."

"मंग डावा त चांगला हाय ना?"

ओट्यावरची माणसं हसली. तोही हसला. त्यात राग नव्हता, आग्रह नव्हता, त्याला चार लोकांत एक विनोद सुचला आणि त्याने केला, एवढंच. बा एकदा तरी म्हणाला असता, नाही मालक, ती उतरणार नाही, तर कदाचित त्याने हात हलवून जाऊही दिलं असतं. बा म्हणाला नाही. त्याने मायला काखेत धरून खाली घेतलं.

मायने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने पदर ओढला. त्या तापात, तसल्या पायानं, तिला पदराची आठवण राहिली. आम्ही चाललो. मी वाकून काडी धरायला गेले तर तिचा आधार जायचा, आधार दिला तर काडी सुटायची. मी आधार दिला. ओट्यासमोर येईपर्यंत ती दात खाऊन चालली आणि ओट्यासमोर तिने हात जोडले. त्याने उजवा हात जरासा वर केला. पाराशी पोचून ती खाली बसली तेव्हा काडी मोकळी लोंबत होती. नारू आत तुटला होता.

दवाखान्यात त्यांनी पाय चिरला. पुन्हा चिरला. पुढचा उन्हाळा येईपर्यंत माय खाटेवर होती. पाय राहिला, पण घोट्यात आखडला आणि पोटरी वाळून गेली. तेव्हापासून माय मरेपर्यंत लंगडली. मळ्यात वाफ्यांमधून चालताना तिचं एक पाऊल नीट उमटायचं आणि दुसऱ्याची नुसती फरफट. पाणी दिलेल्या मातीत ती फरफट मी रोज बघायचे आणि रोज मनात त्याला म्हणायचे, तुलाही चालवीन.

लहान होते तोवर जेवढं जमेल तेवढं केलं. निंबाशी उतरताना थुंकायचे. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो, तेव्हा मी गाण्यात गढीच्या मालकाला घातलं, त्याला बोरीच्या काट्यांवरून चालवलं, आणि शेवटी त्याच्या दोन्ही पायांना नारू करून दिला. पोरींना गाणं फार आवडलं. मायला कळल्यावर तिने माझ्या थोबाडीत दिली. "लेकराच्या तोंडात असं शोभते काय?" म्हणाली. ती स्वतः त्याला कधी शिवी देत नव्हती. हे मला आणखी झोंबायचं.

माझं लग्न मोताळ्याकडच्या एका गावात झालं. मारुतीच्या पाया पडायला वरात आधी गढीपुढून निघाली. निंबाशी वऱ्हाडी उतरले, नवरदेव उतरला. मी बसून राहिले. बा धावत आला.

"उतर व बाई, मालक पाहून राह्यले."

"मी आता तुमच्या घरची नाई," मी म्हटलं. "सासरच्यानं म्हटलं त उतरतो."

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. त्याचं-माझं तोवर एक शब्द बोलणं झालेलं नव्हतं. त्याने मुंडावळ्या बाजूला सारल्या, माझ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि गाडीवाल्याला म्हणाला, "चालू दे." आणि तो मात्र पायीच माझ्या गाडीच्या चाकाशी चालत राहिला. त्या माणसासोबत पुढे आयुष्य काढलं, भांडणंही पुष्कळ झाली, पण त्या दोन शब्दांसाठी मी त्याला सगळं माफ केलं.

या गुन्ह्यासाठी बाला दिवसभर ओट्यापुढे उन्हात उभं केलं. मला निरोप आला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मायच्या वेळी तो वाकला होता, तर आता आणखी थोडा वाकू दे, असं वाटलं. बा गेला तेव्हा मी रडले, रीतीप्रमाणे रडले, आणि खरंही रडले. पण माफ त्यालाही केलं नाही.

बाला मुलगा नव्हता. आम्ही दोघं मायकडे मळ्यात राहायला आलो. तोपर्यंत जर्मनची दुसरी लढाई होऊन गेली होती आणि रस्त्यावर लॉऱ्या आल्या होत्या. कापसाच्या बोऱ्यांनी उंचच्या उंच भरलेल्या, नांदुऱ्याच्या जिनिंगकडे जाणाऱ्या. आणि मग मजा सुरू झाली. लॉरीवाल्याला कुठली गढी आणि कुठली रीत! पहिल्या लॉरीला त्याने माणूस आडवा पाठवला. ड्रायव्हर खामगावकडचा मुसलमान होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मैं उतर जाऊं तो गाडी कौन चलाएगा? तेरा मालिक?" आणि भोंगा दाबून ओट्यावर धुरळा उडवत निघून गेला. ते वाक्य महिनाभर गावात फिरत होतं. ज्यांच्यात स्वतः बोलायची हिंमत नव्हती ते सगळे ते वाक्य बोलून घेत होते.

हंगामात लॉऱ्या दिवसभर चालायच्या. ज्याने रस्ता दारात ओढून आणला त्याच्याच डोळ्यांत, ताटात, अंथरुणात धुरळा जायला लागला. ओट्यावर बसणं बंद झालं. बैलगाडीला जे वळण पुरत होतं ते लॉरीला पुरेना. बुरुजाच्या कोपऱ्याला खरचटून लॉऱ्या जायच्या. एक दिवस एक लॉरी बुरुजाला धडकून कलंडली, सगळा कापूस गढीच्या दारात सांडला. मग रस्त्याचा सरकारी साहेब आला.

साहेबाने दोन्हीकडे फिरून पाहिलं. म्हणाला, दोनच मार्ग आहेत. एक तर रस्ता जुन्या पांदणीवरून सरळ न्यायचा, म्हणजे मळ्याची कडेची पट्टी आणि विहीर जाईल. नाहीतर गढीचा बुरूज आणि दरवाजा पाडून वळण सैल करायचं. मळेवाले राजी असतील तर सरळ नेऊ, बागायत आणि विहीर मोडून नेण्याची मला हौस नाही, असं म्हणून तो गेला. आमचा होकार-नकार चार दिवसांत कळवायचा होता.

मी रात्री झोपले नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मी फार छान झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गढीवरून त्याची दमणी मळ्याच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी आली. छताची छोटी गाडी, बैलांवर झुली. माय विहिरीजवळच्या आंब्याखाली मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी धुऱ्यावर जाऊन दमणीच्या आडवी उभी राहिले.

"मालक, इथून पायी."

तो म्हातारा झाला होता. पडदा सारून त्याने माझ्याकडे पाहिलं. "गुडघे दुखून राह्यले बाई. आतपर्यंत येऊ दे गाडी."

"कोनता गुडघा मालक?"

"उजवा जास्त."

"मंग डावा त चांगला हाय ना?"

वर्षानुवर्षं हे वाक्य मी तोंडात धरून ठेवलं होतं. आणि त्याला काही आठवलं नाही. तो खरोखरच विचार करून म्हणाला, "हाव, डावा बरा हाय," आणि गाडीवानाचा हात धरून उतरला. मी त्याला धुऱ्यावरून नेलं नाही. नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यांमधून नेलं. चिखलात त्याचा जोडा रुतला, तो काढायला तो वाकला, पुन्हा रुतला. मग जोडे हातात घेऊन आला.

त्याला येताना बघून माय उठायला लागली. पदर डोक्यावर ओढून, आंब्याला धरून. मी तिचा खांदा दाबला. "बस," म्हटलं. ती बसली. तो तिच्यासमोर उभा राहिला. बसायला मी काही टाकलं नाही.

"पांदणीतून रस्ता जाऊ द्या," तो म्हणाला. "म्या तुमाले नदीकाठची जमीन देतो, विहीर खोदून देतो. दरवाजा पडला त गढीचं काय राह्यलं?"

माय मिरच्या खुडत राहिली. तिचा आखडलेला पाय तिच्यासमोर लांब पसरलेला होता आणि तो नेमका त्या पायाशी उभा होता.

"नाई," मी म्हटलं.

"काऊन?"

मी मायच्या पायाकडे बोट दाखवलं. कडबा, गोधडी, ताप, काडी, ओट्यावरचं हसणं, सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले याद नाई बाई. येवढे लोक जात होते समोरून."

"तिले हाय," मी म्हटलं. "दरवाजा पडन."

तो आला तसा चिखलातून परत गेला. गाडीवान धुऱ्यावरून येऊन हात द्यायला निघाला होता, मी त्याला दम देऊन थांबवलं.

फाल्गुनात बुरूज पाडला. सरकारी मजूर कुदळी आणि पहारी घेऊन आले. मी रोज जाऊन पारावर बसायचे आणि पाहायचे. जुन्या पांढऱ्या मातीला खताइतकं मोल असतं, गावच्या बाया टोपल्या भरभरून शेतात नेत होत्या. आम्ही गाड्या लावल्या. बुरुजाची, ओट्याची, दरवाज्याखालची माती आणून वांग्यांच्या वाफ्यांत टाकली. त्या साली वांगी अशी आली की झाडं वाकली. पहिल्या तोड्यातली एक टोपली मी गढीवर पाठवली. कोवळी कोवळी निवडून.

रस्ता झाला, वळण सैल झालं. बाजाराच्या दिवशी मी मायला म्हटलं, चाल, तुला गाडीत बसवून नांदुऱ्याला नेते. खरं म्हणजे नांदुऱ्याला कशाला, तेवढ्या तुकड्यापुरतंच न्यायचं होतं. कडबा घातला, वर गोधडी घातली. नवरा गाडी हाकत होता. मी तिच्या पायाशी बसले.

निंब तेवढा राहिला होता. निंबाखाली खाट टाकून तो बसला होता. मागे दरवाज्याच्या जागी नुसतं भगदाड. बैल नवे होते, ते थांबले नाहीत. माय ओरडली, "थांबव बाप्पा, गढी आली!"

"माय, गढी नाई आता. बुरूज पाडला. बसून राह्य."

तिने ऐकलं नाही. गाडी हळू झाली तशी कठड्याला धरून ती खाली उतरली, पदर पुढे ओढला आणि त्या नव्या रस्त्यावरून एक पाऊल टाकत, एक फरफटत चालायला लागली. खाटेसमोर आल्यावर तिने हात जोडले. आणि त्याने, त्या भगदाडापुढे बसलेल्या म्हाताऱ्याने, उजवा हात जरासा वर केला.

माझ्या डोक्यात जी आग गेली ती आयुष्यात कधी गेली नव्हती. मी उडी मारून उतरले, मायला काखेत धरून गाडीत चढवलं आणि नवऱ्याला म्हटलं, "मागं फिरव." त्याने काही न विचारता गाडी फिरवली. आम्ही निंबापलीकडे गेलो, पुन्हा आलो. माय पुन्हा उतरली. मी तिला पुन्हा चढवलं. "मागं फिरव," म्हटलं. मायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मले जमत नाई व बाई," म्हणाली. मी म्हटलं, "जमन. दिवस मावळला तरी चालन."

पुढच्या फेरीला ती उतरली नाही. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, डोळे मिटून ती बसून राहिली. पदर डोक्यावरून मागे पडला, तो तिने सावरला नाही. या वेळी खाटेवरचा हात वर झाला नाही. पार मागे पडला तेव्हा मी तिला म्हटलं, "उघड डोळे."

तिने उघडले. मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. "चाल आता घरी," ती म्हणाली. "बैल दमले."